तद्विद्यसंभाषा : प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे द्यावे

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, रोगभिषग्जितीय अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिले दोन महाविद्यालयात संपले असे आपण मानतो. तिसरा मात्र आयुष्यभर चालणारा आहे. वरोरा, चिमूर, मूल वा आरमोरी परिसरात एकट्याने चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास शंका विचारण्यासाठी शेजारी दुसरा वैद्य असतोच असे नाही. मासिक सभा, पत्र वा भ्रमणध्वनीवरील संदेश हीच त्याची संभाषापरिषद होय. तेथील आचार हा केवळ सौजन्याचा विषय नसून रुग्णाच्या हिताशी निगडित आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने सहकारी वैद्यांना विचारले : ‘आमवाताचा रुग्ण, वारंवार वेग, सिंहनाद गुग्गुळाने उपशय नाही, काय द्यावे?’ दिवसभरात सहा उत्तरे आली. कोणी लंघन व वालुकास्वेद, कोणी एरंडस्नेहाने विरेचन सुचविले. सातव्या, ज्येष्ठ वैद्यांनी औषध न सांगता उलट प्रश्न केले : वय किती? नेत्रांत पीतता आहे काय? भावंडांपैकी कोणास असाच त्रास आहे काय?

रुग्ण अकरा वर्षांचा मुलगा होता. पांडुता व पीतता होती. थोरल्या बहिणीसही तीच वेदना होती. यांतील काहीच मी लिहिले नव्हते. सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली आणि इलेक्ट्रोफोरेसिसने सिकलसेल विकार निश्चित झाला. चंद्रपूर-गडचिरोली भागात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, हे मला ठाऊक असूनही आमवात हे नाव एकदा दिल्यावर पुढचा विचार थांबला. या विकारात शरीरातील जलांश घटल्यास रक्तकण विळ्यासारखे वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या अवरुद्ध होण्याची व वेदनेचा वेग येण्याची शक्यता वाढते. म्हणजे लंघन, रूक्षस्वेद व विरेचन हा आमवातातील शास्त्रोक्त क्रम त्या मुलास अपायकारक ठरला असता. उत्तरे घाईची होती हे खरे. परंतु मूळ दोष माझ्या अपूर्ण प्रश्नाचा होता.

प्रश्नकर्त्यासाठी

१. आरंभी व्याधीचे नाव न देता लक्षणे द्यावीत. निदान लिहावयाचेच असल्यास ते संशयित की निश्चित, हे स्पष्ट करावे.

२. वय, लिंग, प्रकृती, अग्नी, व्याधीचा काल, कुलवृत्त, झालेल्या तपासण्या, दिलेली औषधे मात्रेसह आणि चालू असलेली आधुनिक औषधे नमूद करावीत.

३. रुग्णाचे नाव वा ओळख पटेल असे छायाचित्र देऊ नये. लहान गावात नुसत्या आडनावावरूनही घर कळते.

४. चिकित्सेचा परिणाम, उपशय असो वा अनुपशय, सर्वांना अवश्य कळवावा. उत्तर घेऊन मौन धरणे हे ऋण बुडविण्यासारखे आहे.

उत्तरदात्यासाठी

१. माहिती अपुरी असल्यास प्रथम प्रतिप्रश्न करावा.

२. ग्रंथोक्त, स्वानुभूत आणि ऐकीव यांतील भेद सांगावा. जे आपणास विदित नाही त्याचे वर्णन करू नये, हा चरकांचाच दंडक आहे.

३. द्रव्य निःसंदिग्धपणे सांगावे. ‘ब्राह्मी’ म्हटल्यावर कोणी बॅकोपा मोनिएरी देतो, तर कोणी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. आपल्या जंगलात सहज मिळणाऱ्या बिब्ब्याविषयी लिहिताना शोधन, मात्रा, अनुपान आणि कोणास देऊ नये, हे चारही न लिहिणे धोक्याचे आहे.

४. मतभेद मताशी असावा, व्यक्तीशी नसावा. खाजगी सूचना सर्वांसमक्ष करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

स्वतः विकत वा निर्माण करीत असलेले औषध सुचविताना तसा संबंध उघडपणे सांगावा. व्याधीच्या चर्चेत जाहिरात मिसळू नये. औषधाच्या गुणवत्तेविषयी शंका आल्यास बॅच क्रमांक व मुदतीची तारीख नोंदवून आधी उत्पादकाकडे विचारणा करावी.

उपसंहार

संधायसंभाषेस योग्य असा सहकारी कोण, हे सांगताना चरकांनी ज्ञान-विज्ञानाबरोबर अक्रोध, अनसूया, क्लेशसहिष्णुता आणि प्रियभाषण हे गुण सांगितले आहेत. निःशंकपणे विचारावे, विचारणाऱ्यास विशद करून सांगावे, पराभवाच्या भयाने उद्विग्न होऊ नये आणि दुसरा निरुत्तर झाल्यास हर्ष मानू नये, असा त्यांचा उपदेश आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात, आपापला पक्ष धरून वाद घालणाऱ्या ऋषींना पुनर्वसू आत्रेय तेलाच्या घाण्याचा दृष्टांत देतात : फिरणे पुष्कळ, पोहोचणे कोठेच नाही.

आपल्या चर्चांचीही हीच कसोटी असावी. सहा उत्तरांनी माझ्या ज्ञानात भर घातली. सातव्याच्या तीन प्रश्नांनी त्या मुलाचा अपाय टळला.