आधी आईचा कान बघ

चिऊ, तुझी ती कुडीच्या आकाराच्या इअरफोनची चित्रं काल रात्री तीनदा बघितली. पहिल्यांदा ‘नाद खुळा!’ म्हणाले, हे खरं. भोवती मोती, मधोमध लाल खडा, आणि त्या खड्यातच माईक. दुसऱ्यांदा बघताना हात आपोआप कानाच्या पाळीवर गेला. तिसऱ्यांदा आईला हाक मारली आणि तिचा कान दिव्याखाली धरला. रागावू नकोस हं, कॉलेजातल्या परीक्षकांनी बोलण्याआधी ताईनं बोललेलं बरं.

आईची पाळी ओघळलीय, तुला माहितीये. जड झुबे वर्षानुवर्षं वेलाशिवाय घातले तिनं. आपल्याला वेल म्हणजे नुसती नटायची साखळी वाटते. पण ती कानातल्याचं ओझं उचलून वर केसांत नेऊन अडकवते. मिरवायचं पाळीनं, पेलायचं केसांनी! आपल्या पणजीच्या डबीत ही अक्कल होती, आणि आपण ती फक्त सणासुदीला बाहेर काढतो.

तू कुडीचं रूप तेवढं घेतलंस. कुडी बसते पाळीवर, आवाज हवा कानाच्या नळीच्या तोंडाशी. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी पडतो आणि तो भरून काढायला चौपट ताकद लागते. म्हणजे बॅटरी मोठी, म्हणजे वजन जास्त, म्हणजे परत आईची पाळी. शिवाय शेजारी बसलेल्या काकूंना तुझी गाणी फुकट.

त्यापेक्षा बुगडीकडं बघ. चापाची बुगडी भोक न पाडता कानाची कड धरून बसते. हुआवेच्या फ्रीक्लिपनं 2023 मध्ये, बोसच्या अल्ट्रा ओपननं 2024 मध्ये जवळपास हेच केलं: कानाच्या पुढं आवाजाचा मणी, मागं बॅटरीचा, मध्ये वाकणारा पूल. एका कानावरचं वजन पाच-सहा ग्रॅम, तेही पुढं-मागं वाटलेलं. नळी मोकळी राहते, त्यामुळं मागून येणाऱ्या केएमटी बसचा हॉर्न ऐकू येतो. पण नळी बंद नसली की ढोलकीचा धुम्म पातळ होतो. ते तुला आधीच ठरवावं लागेल, दोन्ही मिळत नाहीत.

आता चांदीचं. हुपरीतनं खोळ ओतून घेऊ म्हणतेस. मी तिथल्या कारागिरांबरोबर काम करते, मला आनंदच आहे. पण ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी धातूतून पार होत नाहीत. सगळीकडून चांदी मढवलीस तर तो इअरफोन नाही, कानातलंच झालं. अँटेनापाशी प्लास्टिकची खिडकी ठेव, चांदीची नुसती कड दे. आणि स्वस्त पडतं म्हणून जर्मन सिल्व्हर घेऊ नकोस. त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं. त्या निकेलनं कितीजणींचे कान खाजून लाल होतात, आपली धाकटी मावशी आठव.

एक सांगते, आईला सांगू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक पैंजण काढलं होतं, कडेनं बारीक बारीक पानं. फोटोत असं दिसलं की बघत राहावं. नवरीनं घातलं आणि पंगतीत बसता-उठता शालूचा धागा न् धागा पानात अडकला. तिची आई शेवटी कात्री घेऊन बसली होती. मी कागदावर पाय काढला होता, पायावरचं लुगडं नव्हतं काढलं. तुझ्या चित्रातला कान तसाच आहे: ना केस, ना स्कार्फ, ना हेल्मेट, ना घाम, ना मळ.

तू म्हणशील, ताई, चप्पलही आधी चावतेच की. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली, तेव्हा चप्पल लाईनवर किती बोलणं झालं! रूप उचललं म्हणून राग होता, तो रास्तच. पण कोल्हापुरी नुसती दिसायला नाही: चामड्याचा तळ, चामड्याचीच वादी, खिळा नाही. तेल पाजलं, महिनाभर घातली की ती तुझ्या पायाची होते. प्लास्टिक तसं कधी कानाचं होत नाही. पहिल्या दिवशी टोचलं की शेवटपर्यंत टोचणार.

कॉन्सेप्ट आहे, म्हणून थोडं उडायला हरकत नाही. बॅटरी आज मिळत नाही तेवढी पातळ धर, कुणी हसणार नाही. कान मात्र उद्याही हाच राहणार आहे.

रविवारी ये. गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर पाच-पाच ग्रॅमचे कणकेचे गोळे मोजून ठेवते, चापाच्या जुन्या बुगड्यांना लावू. एक जोड तू घालून रंकाळ्याला चक्कर मारायची, दुसरा आई भजनाला घालून जाईल, तिला मी कबूल केलंय. येताना हेल्मेट आण, आणि तो झालर लावलेला स्कार्फही.