हिमरूचा ओढा : संगणकावर जोडचित्र कसे करावे आणि कोठे थांबावे

हातमागाच्या दुकानात गिऱ्हाईक येण्यापूर्वी त्याची नजर मालाच्या चित्रावर पडते, मग ते कॅटलॉगमध्ये असो, फ्लेक्सवर असो की मोबाईलवर. म्हणून दोन-चार छायाचित्रे जोडून प्रत्यक्षात नसलेले दृश्य उभे करण्याची कला आपल्या कारागिरांनी व दुकानदारांनी शिकून घ्यावी, असे आम्हास वाटते.

ही कला संगणकाने जन्माला घातलेली नाही. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापले होते. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेयरची सोय झाली, तेव्हापासून हे काम टेबलावर बसून होऊ लागले. फोटोशॉपचे भाडे परवडत नसेल तर गिंप हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पुढील सर्व कृती दोहोंत करता येतात.

उदाहरण म्हणून औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सूत व रेशमाची हिमरू शाल घेऊ. आपले चित्र असे : पुढे माग आहे, मागावरून निघालेली शाल दरीत उतरत जाते आणि दूर डोंगरात तिचा ओढा होतो. जीवधारींच्या चित्रांबाबत उलेमांत मतभेद आहेत. या चित्रात माणूस किंवा प्राणी नसल्याने तो प्रश्नच येत नाही.

१) छायाचित्रे : माग, शाल व दरी यांची छायाचित्रे स्वतः काढा. दुसऱ्याचे चित्र विनापरवाना वापरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रसिद्ध छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. तिन्ही वेळी उजेड एकाच बाजूने यावा आणि कॅमेरा साधारण एकाच उंचीवर असावा. बहुतेक जोडचित्रे येथेच फसतात. शालीवर उजेड डावीकडून आणि डोंगरावर उजवीकडून असेल तर डोंगर उलटवा, शाल उलटवू नका. नाहीतर तिची नक्षीही उलटी होईल.

२) आकार : ए-४ कागदावर चांगली छपाई हवी असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरून २४८० × ३५०८ पिक्सेलचे पान उघडा. लहान चित्र ताणून मोठे केले की ते पुसट होते.

३) लेयर : काचेवर काच ठेवावी तसे हे थर असतात. सर्वांत खाली दरी, तिच्यावर शाल, सर्वांत वर माग. मूळ शालीची एक प्रत वेगळी राखून ठेवा.

४) मास्क : शालीची कड पेन टूलने आखून घ्या. नको असलेला भाग खोडरबराने पुसू नका, त्यावर मास्क लावा. मास्कवर पांढरा रंग दिला की भाग दिसतो, काळा दिला की झाकला जातो, करडा दिला की अर्धवट दिसतो. चूक झाली तर रंग बदलून भाग परत आणता येतो. पदराच्या दशांसाठी बारीक व मऊ ब्रश घ्या.

५) वळण : वार्प या सोयीने शालीला ओढ्यासारखी वळणे द्या. जवळचा भाग रुंद, दूरचा निमुळता. नक्षीची फुलेही त्याच प्रमाणात लहान होत गेली पाहिजेत. जेथे शालीचे पाणी व्हायचे तेथे मास्कवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत उतरता रंग ओढा, म्हणजे धागा हळूहळू पाण्यात विरतो.

६) सावली : शाल जमिनीवर टेकलेली वाटायला हवी. तिच्या खाली वेगळा लेयर घेऊन तो मल्टिप्लाय पद्धतीवर ठेवा. टेकल्या जागी सावली गडद, कडेला फिकी करा.

७) रंग : दूरच्या वस्तू फिक्या व निळसर दिसतात, म्हणून शालीचा दूरचा भाग तसा करा. जवळच्या कापडाचा रंग मात्र बदलू नका, कारण तो आपला माल आहे. छापखान्यात सीएमवायके रंग लागतात आणि पडद्यावरचे भडक रंग त्यात मंद होतात. आधी एक नमुना छापून तो खऱ्या शालीशेजारी धरून पाहा.

आता महत्त्वाची गोष्ट. शालीचा ओढा झालेला पाहून कोणीही फसत नाही. असे होत नाही हे पाहणाऱ्यास ठाऊक असते, म्हणून तो खुशीने पाहतो. धोका लहान दुरुस्तीत असतो. सुताला रेशमाची चमक देणे, विणीतला दोष पुसणे, किंवा यंत्रमागावरची शाल हातमागाशेजारी ठेवून ती हाताने विणल्याचा भास निर्माण करणे, हे डोळ्यांना दिसत नाही, पण व्यवहारात फसवणूक ठरते. यात गिऱ्हाइकाचे नुकसान होतेच, शिवाय दिवसदिवस मागावर बसणाऱ्या विणकराची मजुरीही मारली जाते. एका नामांकित अमेरिकन मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गीझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले. बदल छोटाच होता, पण त्यावर पुढे कित्येक वर्षे टीका होत राहिली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. आजच्या व्यापाऱ्याचे चित्र म्हणजे राशीचा वरचा थर होय. देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हल्ली शब्द टाईप केले की संगणक आपणहून चित्र काढून देतो. दरी किंवा आकाश त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. पण शाल त्याच्याकडून घेऊ नका. तो काढील ती नक्षी कोणत्याच मागावर विणलेली नसेल, आणि गिऱ्हाईक तीच मागेल.

म्हणून आमचा सल्ला असा : एक जोडचित्र लक्ष वेधण्यासाठी करा आणि त्याशेजारी त्याच शालीचे साधे, न बदललेले छायाचित्र द्या. खाली धागा, वीण, मोजमाप व किंमत स्पष्ट लिहा. गिऱ्हाइकाने पुडके उघडल्यावर साध्या चित्रातली शाल त्याच्या हातात आली पाहिजे. हलाल रोजीची बरकत तेथूनच सुरू होते.