घटक ५ : 'गुरुजी' आणि 'बाई' : शिक्षकी पेशाची भाषा

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण मराठीतील संबोधनांचा व आदरार्थी रूपांचा व्याकरणाच्या अंगाने विचार केला. येथे तोच विषय समाजभाषाविज्ञानाच्या अंगाने पाहावयाचा आहे. त्यासाठी आपल्यापैकी अनेकांना जवळचा असा पेशा निवडला आहे : शाळेतील अध्यापन. जालना जिल्ह्यातील आमच्या संपर्कसत्रांना जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या गृहिणी दरवर्षी असतात. या घटकातील बरीचशी सामग्री त्यांच्याच बोलण्यातून मिळालेली आहे.

५.२ नावांची उतरंड

पंतोजी, मास्तर, गुरुजी, सर अशी शिक्षकाची नावे मराठीत एकामागून एक आली. त्यांना समांतर स्त्रीलिंगी रूपे शोधू लागलो की अडचण येते. 'मास्तर'चे 'मास्तरीण' होते. परंतु 'पाटलीण'प्रमाणे येथेही '-ईण' हा प्रत्यय मुळात पत्नीत्व सांगतो. मास्तरीण म्हणजे शिकवणारी स्त्री की मास्तरांची बायको, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. 'गुरुजी'चे स्त्रीलिंगी रूप तर रूढ झालेच नाही. त्या जागी 'बाई' आला. शब्द आदराचा आहे, आपुलकीचा आहे. पण ते व्यवसायाचे नाव नव्हे. पुरुषाला 'गुरुजी' हे नाव तो शिकवतो म्हणून मिळाले. स्त्री मात्र शिकवूनही 'बाई'च राहिली. पुढे हाच शब्द शहरी घरांत कामाला येणाऱ्या स्त्रीसाठी रुळला आणि शाळेतल्या बाई झपाट्याने 'मॅडम' झाल्या. इंग्रजीचा प्रभाव एवढे एकच कारण मला त्यासाठी पुरेसे वाटत नाही.

आता पदांची शिडी पाहा. 'अंगणवाडी सेविका' हे पदनाम स्त्रीलिंगीच आहे. त्यापुढे 'शिक्षिका', 'मुख्याध्यापिका' ही रूपे सहज होतात. त्याहून वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी येतात आणि तेथे रूप बदलत नाही. 'प्रमुख', 'अधिकारी' हे शब्द दोन्ही लिंगी चालतात, तेव्हा एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. मात्र 'उद्या साहेब येणार आहेत' हे वाक्य ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते, ते प्रामाणिकपणे तपासावे. २०२२ मध्ये शिक्षकांची छायाचित्रे वर्गात लावण्याचा उपक्रम राज्यात आला. ज्यांची छायाचित्रे लागायची त्यांत असंख्य शिक्षिका होत्या. उपक्रमाचे नाव मात्र 'आपले गुरुजी'.

५.३ माया आणि कसब

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या साने गुरुजींचे वर्णन मराठीत 'मातृहृदयी' असे केले जाते. पुरुष शिक्षकाच्या ठिकाणी माया असली की तो असामान्य गुण ठरतो. शिक्षिकेच्या ठिकाणी ती गृहीतच धरलेली असते, म्हणून तिची नोंद होत नाही. नसली तर मात्र तक्रार होते. पहिलीचा वर्ग बाईंकडेच जातो, तो याच गृहीतामुळे. पुरुष शिक्षकाला तो दिला तर गावात 'गुरुजींना पहिली दिली' असे काहीसे कमीपणाने बोलले जाते. म्हणजे हा साचा दोघांनाही जाचतो.

सावित्रीबाई फुले यांच्या स्मरणाची भाषाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८४८ साली पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अहमदनगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. तरीही ३ जानेवारीच्या आपल्या भाषणांत शेणाचे गोळे, जास्तीचे लुगडे आणि त्यांची सोशिकता हेच येते. प्रशिक्षण क्वचित येते. सोशिकता खरीच होती. परंतु केवळ तिच्याच बळावर कोणी वाचायला शिकवू शकत नाही.

एका संपर्कसत्रात मंठा परिसरातील तांड्यावर शिकवणाऱ्या एका विद्यार्थिनीने सांगितलेला प्रसंग येथे देतो. तिच्या वर्गातील मुलांची घरची भाषा गोरमाटी. चित्रातील आईकडे बोट दाखवले की मुले 'याडी' म्हणत. तिने त्यांना चूक ठरवले नाही. गोरमाटी आणि मराठी शब्द शेजारी-शेजारी लिहून तिने एक तक्ता भिंतीवर लावला आणि महिनाभर दोन्ही शब्द चालू दिले. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला. 'बाई, मुलांवर फार माया आहे तुमची,' असे ते म्हणाले, आणि त्या जागी ठरवून दिलेला तक्ता लावण्याची सूचना देऊन गेले.

या घटकाचे सूत्र या दोन वाक्यांत आहे. घरच्या भाषेवरून शाळेच्या भाषेकडे मुलाला कसे न्यावे, हा भाषाशिक्षणातील अवघड प्रश्न आहे. तिने तो अभ्यासाने सोडवला होता. त्याला 'माया' हे नाव मिळताच त्यातले कसब दिसेनासे झाले. आणि जेथे कसब दिसत नाही, तेथे निर्णय दुसऱ्याने घेतला तर कोणाला वावगे वाटत नाही. स्तुती आणि सूचना एका दमात देता आल्या, त्या यामुळेच.

५.४ निर्णय कोणाचा?

महाराष्ट्रात २००० पासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हटले जाऊ लागले. त्याला मिळते ते 'वेतन' नव्हे, 'मानधन'. प्राथमिक स्तरावर ते २०२३ मध्ये ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले. अंगणवाडी सेविकेलाही मानधनच मिळते. सेवा आणि मान या दोन उदात्त शब्दांच्या आड वेतनाचा हक्क सरकला, असे मला स्पष्टपणे वाटते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमण्यास मनाई करते. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक प्रगणक म्हणून घरोघर फिरले. ज्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर हे सर्वेक्षण झाले, त्याचे केंद्र आपल्याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव होते. सर्वेक्षण हवे होते की नको, हा येथे विषय नाही. अशा वेळी वृत्तपत्रे 'शिक्षकांना कामाला जुंपले' असे लिहितात. 'जुंपणे' हे क्रियापद आपण एरवी कोणासाठी वापरतो, हे शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात हे दोन्ही धागे एकत्र आले. शिक्षकांच्या नावाआधी इंग्रजीत 'टीआर' व मराठीत 'टि' लावावे, असे त्यात सुचवले गेले. ही उपाधी दोन्ही लिंगी आहे. 'गुरुजी' आणि 'बाई' यांनी जे साधले नाही ते तिने साधले. त्याच निर्णयाने पेहरावही ठरवला : शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता व दुपट्टा, शिक्षकांनी खोचलेला शर्ट आणि पँट. डॉक्टर व वकील यांच्या धर्तीची उपाधी देताना, कोणते कपडे घालावेत हे ठरवण्याइतकाही विश्वास मात्र ठेवला गेला नाही.

परिपत्रकांतील शिक्षक बहुधा विध्यर्थी वाक्याचा कर्ता असतो : शिक्षकांनी माहिती भरावी, छायाचित्र पाठवावे, नोंद ठेवावी. 'ठरवणे' या क्रियापदाचा कर्ता म्हणून तो क्वचितच भेटतो.

५.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील शाळेत आलेले एखादे परिपत्रक मिळवा व त्यातील क्रियापदे अधोरेखित करून त्यांचे अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ इ.) नोंदवा. त्यानंतर एका शिक्षिकेला आणि एका शिक्षकाला स्वतंत्रपणे विचारा : या आठवड्यात वर्गात तुम्ही स्वतः काय ठरवले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, बोलीतील रूपे न बदलता उतरवून घ्या. नावे लिहू नका. या घटकाच्या आरंभीचे 'विद्यार्थिमित्रहो' हे संबोधन आपणांस खटकले का, आणि त्याऐवजी काय सुचते, हेही त्याच वहीत लिहून पुढील संपर्कसत्रास आणावे.