धातुशोधक आणि भिलाईची माती

धातुशोधक यंत्र घेणारा मनुष्य बहुधा प्रथम खोलीचा प्रश्न विचारतो. वास्तविक मातीचा विचार आधी व्हावयास हवा. भिलाईच्या परिसरात ‘भाटा’ या नावाची तांबडी, मुरमाड जमीन आढळते. कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. तिच्यातील लोहखनिज यंत्राला चकविते. ज्या यंत्राच्या वेटोळ्यातून अल्प कंप्रतेचा प्रवाह अखंड खेळतो, त्यात जमिनीचा हा प्रतिसाद वजा करण्याची सोय असलीच पाहिजे. लोखंड व तांबे यांतील भेद असे यंत्र बऱ्यापैकी सांगते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र प्रवाहाचे क्षणिक स्पंद सोडते आणि स्पंद थांबल्यावर धातूत रेंगाळणारा प्रवाह टिपते. खनिजयुक्त मातीत ते सरस. परंतु खिळा कोणता आणि नाणे कोणते, हे त्याला सहसा उमगत नाही. जेथे १९५९ साली झोतभट्टी पेटली, त्या पोलादनगरीच्या आसपास ही उणीव लहान नव्हे! वेटोळे मोठे घ्यावे, तर ते खोलवर पोहोचते, पण बारीक नाणे निसटते.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. भिलाईजवळ देवबलौदा येथे कलचुरिकालीन शिवमंदिर आहे. अशा संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. इतरत्रही भूमिगत निधी दहा रुपयांहून अधिक मोलाचा निघाल्यास, १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. कळविताना वस्तू कोणत्या थरात होती, हेही नोंदवावे. थर मोडल्यावर ते कोणतेच यंत्र सांगू शकत नाही.