शहाणे झालेले मूल

लहान मूल रडायचे थांबले की मोठ्यांना हायसे वाटते. 'शहाणे झाले' असे आपण म्हणतो. या शहाणपणाबद्दल शंका घेणाऱ्या जेम्स रॉबर्टसन याची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

रॉबर्टसन ग्लासगोजवळच्या कामगार कुटुंबातला. शाळा लवकर सुटली. दुसऱ्या महायुद्धात लंडनला अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालसंगोपनगृहात तो बॉयलर सांभाळण्यासारखी कामे करी. तेथे नियम असा, की मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येकाने टिपून ठेवायचे. बॉयलरवाल्याच्या टिपणालाही किंमत! (आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हा तपशील मला फार भावला.) पुढे १९४८ साली जॉन बोल्बी यांनी त्याला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घेतले.

त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत आईबापांना मुलाला फार थोडा वेळ भेटू देत. भेटीने मूल रडते, एरवी ते लवकर रुळते, अशी समजूत. रॉबर्टसनला मात्र या रुळण्यात तीन अवस्था दिसल्या. आधी मूल आक्रोश करते. मग खचून गप्प पडते. शेवटी ते परिचारिकांशी हसू लागते, आणि आई आली तर तोंड फिरवते. सांगून कोणी ऐकेना, तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. १९५२ च्या त्याच्या चित्रपटात अडीच वर्षांची लॉरा आठ दिवस रुग्णालयात राहते. ती फारसा आकांत करीत नाही, आणि तेच पाहवत नाही असे म्हणतात. डॉक्टर मंडळी चिडली. परंतु १९५९ साली प्लॅट समितीने मुलांच्या भेटीवरील बंधने काढावीत अशी शिफारस केली.

माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, मी आजीजवळ. उन्हाळ्याच्या तोंडावर आई परतली की मी मागच्या दाराने निघून जाई. रॉबर्टसन दांपत्याने पुढे असेही दाखविले, की प्रेमाने सांभाळणारे एकच माणूस जवळ असेल तर मूल तितके खचत नाही. याबाबत त्यांचे बोल्बींशी मतभेद झाले. आजीला स्मरून मी रॉबर्टसनच्या बाजूचा आहे.

मानसोपचाराशी याचा संबंध कोणता? बोल्बी यांनी १९८८ च्या ग्रंथात उपचारकाला 'सुरक्षित आधार' म्हटले. घाव उघडून पाहण्याचे धाडस माणूस असा आधार असेल तरच करतो. म्हणून उपचारकाने ठरलेली वेळ पाळावी, रजेवर जायचे तर आधी सांगावे, आणि परतल्यावर रुग्ण 'मला काही वाटले नाही' म्हणाला तर ते वाक्य घाईने सोडून देऊ नये.

हे लिहिताना मी आईला त्या मागच्या दाराविषयी विचारले. ती भाकरी थापीत होती. म्हणाली, "तू जवळ यीना, मग म्या बी हाक मारली न्हाई."