जाडी जाते कुठे? — सडपातळ मोबाईल आणि सामान्य ग्राहक

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी कोणतीही वस्तू विकत घेताना ‘दणकट आहे का?’ हा पहिला प्रश्न विचारण्याची रीत आहे. माठ असो, पातेले असो की पायातली चप्पल असो. आई ती वाजवून, वाकवून, उलटीपालटी करून पाहते आणि मगच किमतीचे बोलणे सुरू करते. ‘नाजूक’ हा शब्द आमच्याकडे दागिन्याचे कौतुक करताना वापरतात. वापरायच्या वस्तूला तो लावला, तर ती नापसंत झाली असे समजावे. असे असताना २०२५ सालापासून मोबाईलच्या जाहिरातींत नाजूकपणाचे जे कौतुक चालले आहे, ते पाहून हा विषय थोडा अभ्यासावा असे मनात आले. अतिशय पातळ मोबाईल सामान्य ग्राहकाने घ्यावा काय, आणि घेतल्यास तो कशाला मुकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सामान्य ग्राहक म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. ज्या घरात एक मोबाईल बंद पडला तर दुसरा काढून देता येत नाही, असे घर मी डोळ्यांसमोर ठेवले आहे. घाटकोपर आणि अंधेरी यांच्या मधल्या पट्ट्यात, निदान मी राहते त्या असल्फ्याच्या टेकडीवर, अशीच घरे अधिक आहेत.

प्रथम आकडे पाहू. मे २०२५ मध्ये सॅमसंग कंपनीने ‘गॅलेक्सी एस २५ एज’ हा मोबाईल बाजारात आणला. त्याची जाडी ५.८ मिलिमीटर, वजन १६३ ग्रॅम. याच कंपनीचा त्याच वर्षीचा ‘एस २५ प्लस’ शेजारी ठेवला म्हणजे तुलना सोपी होते, कारण दोहोंचा पडदा सारखाच, ६.७ इंचांचा आहे. प्लसची जाडी ७.३ मिलिमीटर आणि वजन १९० ग्रॅम. म्हणजे एज घेणाऱ्यास दीड मिलिमीटर जाडी आणि २७ ग्रॅम वजन कमी मिळाले. त्याबदली त्याने काय दिले? बॅटरी ४९०० एमएएचची ३९०० झाली. दूरचे दृश्य जवळ आणणारा स्वतंत्र कॅमेरा गेला. आणि भारतात बाजारात येतानाची किंमत ९९,९९९ रुपयांवरून १,०९,९९९ रुपये झाली. कमी माल आणि दाम जास्त, असा व्यवहार भाजीवाल्याने केला असता तर आमच्या आईने त्याची टोपली तिथेच खाली ठेवली असती.

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलचा ‘आयफोन एअर’ आला, तो याहून पातळ, ५.६४ मिलिमीटर. भारतातील किंमत १,१९,९०० रुपयांपासून. त्याच दिवशी जाहीर झालेला साधा ‘आयफोन १७’ ७.९५ मिलिमीटर जाडीचा असून त्याची किंमत ८२,९०० रुपयांपासून होती. मी वहीवर भागाकार करून पाहिला. ३७,००० रुपये भागिले २.३१ मिलिमीटर. दर मिलिमीटरला सुमारे सोळा हजार रुपये पडले. एअरचा पडदा थोडा मोठा आहे आणि आतला प्रोसेसरही वरच्या दर्जाचा आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सगळे पैसे काही केवळ जाडीचे नव्हेत. पण मागे कॅमेरा एकच आणि स्पीकरही एकच. वजनातला फरक तर बारा ग्रॅमचा, म्हणजे चहात घालायच्या साधारण तीन चमचे साखरेएवढा.

आता ही जाडी जाते कुठे, हा खरा प्रश्न. मोबाईलच्या आत जागा सर्वांत जास्त खाते ती बॅटरी. बॅटरीत किती वीज साठणार, हे मुख्यतः तिच्या घनफळावर अवलंबून असते. लांबी-रुंदी हाताच्या पंजाने ठरवून दिलेली आहे, म्हणून जाडी कमी केली की साठा कमी होणार. कॅमेऱ्याचेही तसेच. भिंगातून आलेली प्रतिमा नीट पडण्यासाठी भिंगामागे ठरावीक अंतर लागते. ते अंतर जाहिरातीला विचारून कमी होत नाही. म्हणूनच या पातळ मोबाईलांच्या पाठीवर कॅमेऱ्याजवळ उंचवटा असतो आणि ५.६४ हा आकडा तो उंचवटा सोडून मोजलेला असतो. विज्ञान शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने आणखी एक गोष्ट समजावून दिली. एकाच धातूची पट्टी पातळ करत गेलो, तर तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात उतरतो. आठ मिलिमीटरची पट्टी ५.६ मिलिमीटर केली, तर ताठपणा जवळपास एक-तृतीयांशावर येतो. कंपन्यांनी टायटॅनियमची चौकट घातली ती यासाठीच, आणि तो खर्च अर्थातच किमतीत आला. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या. त्यानंतर कंपन्या या बाबतीत सावध झाल्या. पावसाच्या पाण्याबाबत मात्र हे पातळ मोबाईल कमी पडत नाहीत. दोहोंनाही पाणी-धुळीपासून संरक्षणाचे चांगले मानांकन आहे, हेही सांगून ठेवते.

हे झाले कारखान्यातले. मोबाईल दुकानाबाहेर पडल्यावर काय होते ते आपण सर्वजण रोज पाहतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कोणत्याही स्टेशनाबाहेर जा. मोबाईल विकत घेतलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत काय करतो? तो बॅक कव्हर घालतो आणि टेम्पर्ड ग्लास लावतो. लाखाचा मोबाईल आहे म्हणून तर तो अधिकच जाड कव्हर घालतो. सोळा हजार रुपये मिलिमीटर या दराने काढून टाकलेली जाडी फुटपाथवर दीडशे रुपयांत परत बसवली जाते! पुढे महिन्या-दोन महिन्यांत पॉवर बँक येते, आणि ती पिशवीत राहते. म्हणजे जाडी नाहीशी झाली नाही. ती मोबाईलमधून निघून कव्हरमध्ये आणि पिशवीत जाऊन बसली, आणि तिचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले. ॲपलने तर आयफोन एअरबरोबरच त्याच्या पाठीला चुंबकाने चिकटणारी वेगळी बॅटरी विक्रीला ठेवली. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

बॅटरीच्या बाबतीत आमच्यासारख्या घरांना लागू पडणारा आणखी एक हिशेब आहे. आम्ही मोबाईल वर्षाने बदलत नाही. तो चार-पाच वर्षे चालतो, आधी मोठ्यांकडे, मग धाकट्यांकडे. वापराने बॅटरीची ताकद घटत जाते हे सर्वश्रुत आहे. समजा ती ८० टक्क्यांवर आली. तेव्हा प्लसच्या ४९०० मधून ३९२० उरतात. म्हणजे जाड मोबाईल जुना होऊन जेथे पोहोचतो, तेथून पातळ मोबाईलची सुरुवात होते. पातळ मोबाईल त्याच वयाचा होईल तेव्हा त्याच्याजवळ ३१२० उरलेले असतील. पहिल्या आठवड्यात मोबाईल वापरून त्याचे गुणदोष सांगणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, कारण त्यांचा मोबाईल म्हातारा होतच नाही.

बॅटरी संपली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. वीस वर्षांपूर्वी फारसे बिघडले नसते. आज मी सकाळी मेट्रोने अंधेरीला येते तेव्हा तिकीट मोबाईलवर असते. लोकलचे तिकीटही पुष्कळजण मोबाईलवरच काढतात; जुलै २०२५ पासून त्यासाठी रेल्वेचे ‘रेलवन’ ॲप आहे. मोबाईल बंद पडला तर तिकीट दाखवता येत नाही, आणि दाखवता न आलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी नसल्यासारखेच. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून वडापावचे पैसेही मोबाईलमधूनच जातात, त्यामुळे पाकिटात नोटा नसतात. बाबा रिक्षा चालवतात. त्यांचा मोबाईल हँडलजवळ अडकवलेला असतो. गिऱ्हाईक त्यावरूनच येते, रस्ता तोच दाखवतो आणि भाडेही त्यावरच जमा होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात तो इतका तापतो की हात लाववत नाही. मोबाईल जितका पातळ, तितकी आतली उष्णता सामावून घ्यायला जागा कमी. मग तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. बाबांच्या दृष्टीने संथ झालेला मोबाईल म्हणजे हातचे गिऱ्हाईक गेले. २०२०-२१ च्या टाळेबंदीत आमच्या घरी एकाच मोबाईलवर मी आणि माझा भाऊ अशा दोघांची शाळा चालली. सकाळी माझे वर्ग, दुपारी त्याचे, आणि मध्ये अर्धा तास चार्जिंगचा. त्या अर्ध्या तासात कोणी फोन केला तर आई रागावत असे. त्या दिवसांत मोबाईल किती जाड आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही.

आयफोन एअरची आणखी एक बाब आमच्याकडे जड जाणारी आहे. त्यात सिमकार्ड घालायची खाचच नाही. सगळा कारभार ई-सिमवर. आमच्याकडे मोबाईल पावसात भिजला की पहिला उपाय म्हणजे सिम काढून शेजारच्या काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालणे. दहा मिनिटांत नंबर चालू होतो, ओटीपी येऊ लागतात, बाबांचा धंदा बुडत नाही. ई-सिम असे काढून देता येत नाही. ज्याच्या कपाटात दुसरा स्मार्टफोन पडलेला आहे, त्याला ही अडचण वाटणार नाही. मला वाटते, या सगळ्या पातळपणाच्या मागे हेच एक गृहीत आहे: घेणाऱ्याजवळ प्रत्येक गोष्ट दुसरी आहे. ऑफिसात दुसरा चार्जर आहे, मोटारीत तिसरा आहे, घरी दुसरा फोन आहे.

आता दुसरी बाजू. हलकेपणाला काहीच किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळच्या लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून अंधेरी ते बोरिवली उभे राहिले, म्हणजे २७ ग्रॅमचा फरक करंगळीला समजतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मनगटाला दुखापत झाली आहे. तिने दुकानात एज हातात घेतला आणि खाली ठेवीना. अशा माणसाला हलका मोबाईल ही चैन नव्हे. परंतु जाहिरात हलकेपणाची नसते, खिशात सहज सरकणाऱ्या पातळपणाची असते. आणि खिसा कोणाला? आमच्या कुर्त्यांना खिसेच नसतात! असलाच तर रुमालापुरता. मोबाईल एकतर हातात, नाहीतर पर्समध्ये डबा, छत्री आणि वहीच्या बरोबर. तेथे दोन मिलिमीटरने काय साधणार?

हा शौक नवा आहे असेही नाही. २०१४ मध्ये विवो कंपनीने भारतात पाऊल टाकले तेच मुळी ४.७५ मिलिमीटरचा ‘एक्स ५ मॅक्स’ घेऊन, किंमत ३२,९८० रुपये. २०१५ मध्ये आपल्या देशातल्या मायक्रोमॅक्सने ‘कॅनव्हास स्लिव्हर ५’ काढला. जाडी ५.१ मिलिमीटर, वजन अवघे ९७ ग्रॅम, किंमत १७,९९९. दोहोंत बॅटरी २००० एमएएचची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे ते कोणाच्या हातात पाहिल्याचे आठवत नाही. पण पुढे काय झाले ते आठवते. सॅमसंगने २०१९ मध्ये १३,९९९ रुपयांत ‘गॅलेक्सी एम ३० एस’ आणला, ६००० एमएएचचा आणि जवळपास नऊ मिलिमीटर जाडीचा. आमच्या चाळीत मोबाईलचे गुणगान ‘दोन दिवस चार्ज करावा लागत नाही’ या शब्दांत होऊ लागले ते त्याच सुमारास.

अर्थशास्त्राच्या तासाला थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांचा १८९९ सालचा दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत सरांनी शिकवला. वस्तू उपयोगासाठी नव्हे तर आपली ऐपत दिसावी म्हणून घेतली जाते, असे थोडक्यात त्याचे सार. पातळ मोबाईलला तो लावून पाहिला तर गंमत दिसते. येथे दिखावाही नीट होत नाही, कारण पारदर्शक कव्हरमधून कंपनीचे चिन्ह दिसते, जाडी दिसत नाही. १,१९,९०० रुपयांचे बिनव्याजी चोवीस हप्ते धरले, तर महिन्याला जवळजवळ ५००० रुपये होतात. एवढे देऊन जे मिळाले ते कव्हराखाली झाकून ठेवायचे, हे व्हेब्लेनसाहेबांनाही सुचले नसते. ऑक्टोबर २०२५ मध्येच आयफोन एअरचे उत्पादन कमी केले जात असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. तेव्हा असा विचार करणारे आम्हीच एकटे नसावे.

तथापि हा निकाल कायमचा नाही. बॅटरीच्या आतल्या ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळून त्याच घनफळात अधिक वीज साठवण्याची पद्धत आता प्रचारात येत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्नो कंपनीचा ‘पोवा स्लिम’ भारतात १९,९९९ रुपयांना आला. जाडी ५.९५ मिलिमीटर आणि बॅटरी ५१६० एमएएच. कॅमेरा आणि वेग यांत त्याची लाखाच्या मोबाईलशी बरोबरी होणार नाही, पण बॅटरीची तक्रार त्याच्याविरुद्ध करता येत नाही. पातळ म्हणजे दुरुस्तीला अवघड, हा सर्रास समजही पूर्ण खरा नाही. यंत्रे उघडून पाहणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या संस्थेने आयफोन एअरला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी सात गुण दिले आहेत.

मी हे घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांना सांगितले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “बेटा, उघडता येणं वेगळं आणि पार्ट मिळणं वेगळं. जो मोबाईल खूप विकला जातो, त्याचा पार्ट माझ्याकडे येतो. तू म्हणतेस ते अजून माझ्याकडे एकही आले नाहीत.” मग त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला. त्यात रबरबँडने बांधलेल्या बॅटऱ्यांचे गठ्ठे होते आणि प्रत्येकावर मोबाईलचे नाव पेनाने लिहिलेले होते. बाबांच्या मोबाईलचा गठ्ठा सर्वांत जाड होता.