हप्ता किती आणि एकूण किती? नव्या घराच्या स्वयंपाकघरातून गणिताचा पाठ



सातवीत 'बँक व सरळव्याज' होतं, आठवीत 'सूट व कमिशन' आणि 'चक्रवाढव्याज' होतं. मुलं सूत्रात आकडे घालतात, उत्तर बरोबर आणतात. पण त्याच मुलांसमोर दसरा-दिवाळीच्या दिवसांतली वर्तमानपत्रातली जाहिरात ठेवून बघा. 'फ्रिज फक्त २,५०० रुपयांत', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दरमहा'. यात मुद्दल कोणतं, व्याज कुठे आहे, सूट नेमकी कशावर, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. पुस्तकातल्या उदाहरणात व्याजाचा दर दिलेला असतो. दुकानात तो आपल्याला शोधावा लागतो.

म्हणून हा पाठ. एक कुटुंब घ्या. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या वन-बीएचकेमध्ये आलंय, घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झालाय, हातात थोडेच पैसे उरलेत आणि स्वयंपाकघर रिकामं आहे. यादी करायला मुलांना सांगा. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, चिमणी, घरघंटी असं सगळं फळ्यावर येईल. मग विचारा, पहिल्या महिन्यात यातलं काय नसलं तर अडेल? यादी निम्म्यावर येते आणि वाद सुरू होतो. तो होऊ द्या.

आता फ्रिज. आकडे उदाहरणापुरते घेतलेत. छापील किंमत ३०,००० रुपये. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे २,५०० चे १२ हप्ते. प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. तोच फ्रिज रोखीने घेतला तर दुकानदार १,५०० सोडतो. मुलं पटकन म्हणतात, "सर, हप्त्यात जास्त काहीच नाही, १२ गुणिले अडीच हजार म्हणजे तीस हजारच!" मग एकूण मांडायला लावा. हप्त्याने ३०,५९०, रोखीने २८,५००. फरक २,०९०. हेच ते न दिसणारं व्याज.

दर काढताना मुलं २,०९० भागिले ३०,००० करतात आणि सात टक्के म्हणतात. इथे थांबा, पाठाचा गाभा इथे आहे. हे कुटुंब वर्षभर ३०,००० वापरत होतं का? नाही. पहिल्या महिन्यात ३०,००० देणं होतं, दुसऱ्यात २७,५००, तिसऱ्यात २५,०००, आणि शेवटच्या महिन्यात फक्त २,५००. हे बाराही आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. बेरीज १,९५,००० येते, सरासरी १६,२५०. म्हणजे वर्षभर सरासरी सव्वासोळा हजारच वापरले आणि त्यासाठी २,०९० मोजले. दर झाला जवळजवळ १३ टक्के. (रोखीची किंमत हेच खरं मुद्दल धरून बारकाईने काढला तर साडेतेराच्या आसपास येतो, पण आठवीला एवढं पुरे.) 'शून्य' ते 'तेरा' हा प्रवास मुलांनी स्वतः केला की व्याज या शब्दाकडे ती वेगळ्या नजरेने बघतात.

रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, आणि क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुतेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपात ग्राहकाकडून घेतलं जातं. आजच्या कार्डावरच्या हप्त्यात बँक व्याज लावते आणि तेवढी सूट आधी दिली जाते, पण व्याजावरचा जीएसटी सहसा ग्राहकाच्याच माथी येतो. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायला शिकवा: "सगळं धरून एकूण किती, आणि आत्ता रोख दिले तर किती?" दुकानदाराने रोखीवर खरंच काही सोडलं नाही आणि शुल्कही नसेल, तर हप्ता घेण्यात तोटा नाही. हेही मुलांना सांगायला हवं. हप्ता म्हणजे पाप, असं शिकवायचं नाही.

एक विनंती. घरचे खरे हप्ते, खरी बिलं मुलांकडून मागवू नका. वर्गात कुणाच्या घरी हप्ता थकलेला असतो, कुणाकडे फ्रिजच नसतो. जाहिराती आणि बनवलेले आकडे पुरतात. पालकांनी मात्र घरी जरूर खरं बिल काढून बसावं.

त्या विजेच्या बिलाचा दुसरा उपयोग आहे. फ्रिजवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षा तो वाचायला शिकवा. तारे फ्रिजच्या आकारमानाच्या हिशोबाने मिळतात, आणि निकषही काही वर्षांनी कडक होतात. त्यामुळे पाच तारे असलेला मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या छोट्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. समजा एक फ्रिज २४,००० चा, वर्षाला २६० युनिट. दुसरा २८,००० चा, १८० युनिट. जास्तीचे ४,००० किती वर्षांत वसूल होतील? उत्तर फ्रिजवर नाही, घरावर अवलंबून आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, पुढे ३०० पर्यंत दुसरा, असा. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं असतं. कमी वापराच्या घरात युनिटला सगळं मिळून ७ रुपये धरले तर वर्षाला ५६० वाचतात आणि सात वर्षांहून जास्त लागतात. वरच्या टप्प्यातल्या घरात १३ रुपये धरले तर १,०४० वाचतात आणि चार वर्षांच्या आत पैसे वसूल. स्थिर आकार या हिशोबात धरू नका. युनिट वाचले म्हणून तो कमी होत नाही.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याला चारही युनिट होत नाहीत, त्यामुळे तिथे विजेची काळजी नको, भांडी आणि दुरुस्ती कुठे होते ते बघा. इंडक्शन २,००० वॅटचा असेल तर अर्ध्या तासात एक युनिट. दहावीच्या मुलांना २,००० भागिले २३० करायला लावा. पावणेनऊच्या आसपास अँपियर येतात. म्हणजे सहा अँपियरच्या साध्या प्लगवर तो लावायचा नाही, पॉवर प्लग हवा. नव्या घरात ओट्यावर असे प्लग किती आहेत, हे खरेदीच्या आधी मोजायचं असतं. आणि आरओ घेण्याआधी पाण्याचा टीडीएस मोजून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर क्षारांसाठी आरओची गरज नसते, आणि तो बरंच पाणी वाया घालवतो ते वेगळंच.

गृहपाठाला घरघंटी द्या. १ अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, आठवड्याला एक तास चालते असं धरा. गिरणीवाला किलोला किती घेतो ते मुलांनी विचारून यावं, घरी आठवड्याला किती दळण लागतं ते आईला किंवा आजीला विचारावं, आणि किंमत किती वर्षांत वसूल होते ते काढावं. उत्तरं एकसारखी येणार नाहीत. गिरणी जिन्याखाली असलेल्या मुलाचं वेगळं, आणि दळणाचा डबा घेऊन दोन किलोमीटर चालणाऱ्या मुलीचं वेगळं. त्या मुलीच्या चालण्याची किंमत हिशोबात कशी धरायची, हे वर्गालाच ठरवू द्या.